खालचं पातं

धामणीची फांदी मामाने तोडली तेव्हा मी नाशकात होते,
अंबडच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीला,
बुश मोजत. दोन शतांश इकडेतिकडे झाले
की लाल पेटी.

दोन वर्षं ती फांदी चुलीवरच्या माळ्यावर
धूर खात पडली. दोन वर्षं मी विसरले.

मग एका शनिवारी बाऱ्ह्याच्या एसटीने गेले,
तर धवळूमामा म्हणाला, घे, तूच कर.
कोयता दिला, फुटक्या बाटलीची काच दिली,
आणि विडी पेटवून ओट्यावर बसला,
जणू त्याचा या लाकडाशी काही संबंधच नव्हता.

मी पिशवीतून व्हर्नियर काढलं.
मामीने तोंडाला पदर लावला.

मधोमध मूठ. मुठीच्या वर बावीस इंच, खाली बावीस.
दर दोन बोटांवर खूण, दर खुणेला जाडी,
वर जेवढी तेवढीच खाली.
काचेखालून कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालपटं निघाली,
पोरांनी ती कानांना अडकवली.
रविवारी दुपारी कामठा तयार,
दोन्ही पाती अशी सारखी
की आमच्या साहेबाने डोळे मिटून सही केली असती.

अंबाडीची दोरी चढवली. वीस पावलांवर पेंढ्याचा भारा.
ओढला, सोडला.

तीर गेला, पण शेपूट आपटत गेला,
परीट पक्षी नदीतल्या दगडावर आपटतो तशी,
वर, खाली, वर,
आणि भाऱ्यात रुतला तो कलता, शेपूट आभाळाकडे.
माझ्या डाव्या मनगटात ठोसा बसला.
पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

मामा उठला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला,
हात कुठं धरलास?
मधोमध.
तीर कुठून गेला?
हाताच्या वरून.
मग मधोमध कोण बसलं, हात की तीर?
एका पाटावर दोघं बसत नाहीत, बाय.
खालच्या पात्याला ओझं जास्त येतं.
त्याला नखभर ताठ ठेवायचं.

नखभर म्हणजे किती, मी विचारलं.
त्याने नख दाखवलं. काळं, फुटलेलं,
अर्धं कोयत्याने नेलेलं.

खाली लाकूड परत चिकटवता येत नाही.
वरूनच काढायचं.
चार हात काच फिरवायची, मग तीस वेळा ओढायचं,
कारण लाकडाला सांगितलेलं लगेच कळत नाही.
गाठीपाशी आले तर मामा ओरडला,
तिथं नको, तो डोळा आहे त्याचा.

उन्हं कलल्यावर त्याने मूठ मेढीच्या खुंटीला आडवी अडकवली,
दोरीला दुसरी दोरी बांधून खाली खेचली.
सारवलेल्या कुडावर सावली वाकली.
मी डोळे बारीक करून बघत राहिले.
मला दोन्हीकडे चंद्रकोरच दिसत होती.

वरचं, टोकापासून वीतभर आत, आखडतंय अजून,
मामी म्हणाली.
तिची पाठ आमच्याकडे होती म्हणावी इतपतच वळलेली,
हातावर नागलीची भाकर, थापणं चालूच.
मामा काही बोलला नाही. काच मला दिली, बोट तिथंच ठेवलं.
या घरातले सगळे कामठे
कुणाच्या डोळ्याने झाले, ते मला तेव्हा कळलं.

अंधार पडायच्या आत एकच तीर सोडला.
आवाज आला तो पेंढ्याचा. हातात काहीच आलं नाही,
मूठ झोपलेल्या पोरासारखी गप्प.
तीर मात्र भाऱ्यात जेमतेम चार बोटं गेला.
तासता तासता कामठ्यातला जोर उतरला होता.

पोरांना होईल हा, मामा म्हणाला, खेकडे हाकलायला.
मामी हसली, या खेपेला पदर न लावता.
तुझ्यासाठी दुसरी फांदी टाकते माळ्यावर, म्हणाली.

सोमवारी पहाटेची गाडी, दुपारी पाळी.
पहिलाच बुश, दोन शतांश जास्त.
लाल पेटीत टाकताना
डावं मनगट दुखलं.